हट्ट्याचा मुक्काम आणि बाबांचा नकाशा

कार्तिक लागला की माझ्या मांड्या दुखायला लागतात. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, घरचे म्हणतात मनाचं आहे. मी दोघांचंही ऐकत नाही. नागपुरात आमच्या कॉलनीत धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, औषधालाही सापडायची नाही, तरी एखाद्या सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना ती कोरडी, जराशी गोडसर थंडी नाकाला लागते आणि मला कळतं, तिकडे मध्य प्रदेशात, बालाघाटच्या बाजूला कापणी सुरू झाली. कापलेलं धान बांध्यांमध्ये आडवं पडलं असेल. खळी सारवून झाली असतील. गावोगाव मंडई भरायला लागली असेल, म्हणजे पाळणे, जिलेबी, आणि घराघरात न मावणारे पाहुणे. मग मी कपाटाच्या वरच्या खणातून एक पुठ्ठ्याची नळी काढते, तिच्यावरची धूळ पुसते आणि परत ठेवून देते. दरवर्षी उघडतेच असं नाही. ती तिथे आहे एवढं पुरतं.

माझी मुलगी तोंडावर सांगते, "आई, तू त्या सायकल टूरबद्दल बोलायला लागलीस की तुझी मान बदलते." बदलत असेल. मान ताठ व्हावी असं आयुष्यात फार थोडं केलं मी. जे केलं त्याबद्दल तरी ताठ ठेवू द्या.

नव्वदचं दशक उतरणीला लागलं होतं. मी बालाघाटच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. खेळ शिकवायला देशकर मॅडम होत्या, अमरावतीकडच्या, लग्न होऊन आमच्या गावात आलेल्या. त्यांना एक दिवस काय वाटलं कोण जाणे, म्हणाल्या, "पोरींनो, आपला जिल्हा आपण पाहिलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीत सायकलनं जाऊ." पाच मुली तयार झाल्या. वाट ठरली: कटंगी, मग मागे येऊन वारासिवनी, तिसऱ्या दिवशी हट्टा. चौथा दिवस हट्ट्यालाच आराम आणि तिथली जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, पाहणं. त्यानंतर बैहरचा घाट चढून शेवट मलाजखंडला, तांब्याच्या खाणीपाशी. घाटाच्या आधी पायांना एक दिवस मिळावा म्हणून हट्ट्याचा मुक्काम. आणि हट्टा हे माझ्या मामाचं गाव, म्हणून सहा जणींच्या राहण्या-जेवण्याची चिंता नव्हती.

सायकली म्हणजे ज्याच्या घरी जी होती ती. माझी काळी, दांड्याची, जड. ती मुळात बाबांची. मी कॉलेजात जायला लागल्यावर बाबांनी ती मला दिली आणि स्वतः ऑफिसला पायी जायला लागले. "चालणं बरं असते," एवढंच म्हणाले होते.

बाबा एका सरकारी कार्यालयात ट्रेसर होते. आजकालच्या मुलांना हे काम समजावून सांगावं लागतं. मोठा उतरता टेबल, त्यावर जुना नकाशा, त्याच्यावर अर्धपारदर्शक ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि काळ्या शाईनं खालची रेघ न् रेघ वर उतरवायची. श्वास रोखून. बाबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा एक ठिपका होता, तो मी कधी पुसलेला पाहिला नाही. सगळा जिल्हा त्यांनी असा बोटाखालून काढला होता. नद्या, नाले, रस्ते, जंगलाची हद्द. पण माणूस स्वतः कुठे गेलेला नव्हता. घर, ऑफिस, बाजार, आणि वर्षातून एकदा सासुरवाडी, म्हणजे हट्टा. तिथेही जावई म्हणून बाजेवर बसायचे, पोटभर जेवायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत.

टूरचं नाव काढल्याबरोबर त्यांनी विचारलं, "घाटानं जाणार तुम्ही?"

"हौ."

"तो घाट मी काढला हाये. त्याचा एक एक मोड, एक एक वळण माह्या हातचं हाये. तिकून खदानीचे ट्रक उतरतात. तिथं तू सायकल घेऊन जाशील?"

"हौ, बाबा."

"नाही जाणार."

मी दोन दिवस जेवले नाही. उपास म्हणून नव्हे, रागानं. तिसऱ्या दिवशी आई मध्ये पडली. "हट्ट्यापर्यंत जाऊ द्या तिले. माह्या भावाचं घर हाये तिथं." बाबा खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "हट्ट्यापर्यंत. आरामाच्या दिवशी मी येतो. सायकल बसवर टाकू अन् घरी येऊ." बाकीच्या घाट चढणार आणि मी बसनं घरी, हा निकाल होता. मी मान डोलावली. मनात म्हटलं, चार दिवस तर हातात आले, पुढचं पुढे पाहू.

आणि मग मी एक उद्योग केला, जो बाबांना माहीत नव्हता. त्यांच्या कपाटात जिल्ह्याच्या नकाशाची एक बिघडलेली प्रत होती, कोपऱ्यावर शाई सांडलेली. बाबा ऑफिसला गेले की मी ती काढायची, वर बटर पेपर ठेवायची आणि आमची वाट तेवढी पेन्सिलीनं उतरवून घ्यायची. पहिल्यांदा कळलं की सरळ रेघ काढणं सोपं असतं आणि नदी काढणं किती अवघड. वैनगंगा तीनदा खोडली. बैहरचा घाट काढताना तर मी जीभ दातात धरून बसले होते, अगदी बाबा बसतात तशी. तो कागद घडी करून मी पिशवीत टाकला.

पहिल्या तीन दिवसांचं काय काय आठवतं! कटंगीच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं आम्हांला पाहून विचारलं, "सर्कस आई है क्या?" आणि मॅडमनी गंभीर चेहऱ्यानं "कल का शो है" असं सांगून टाकलं. वैनगंगेच्या पुलावर उलटा वारा लागला तेव्हा कल्पना, माझी वर्गमैत्रीण, वाऱ्याला हिंदीतून शिव्या घालत होती. तिला मराठीत रागवता यायचं नाही. आमच्या गावातल्या अर्ध्या मराठी घरांचं तेच आहे, लाड मराठीत आणि भांडण हिंदीत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापणी चालू होती. बाया कंबर सरळ करून, विळा हातात धरून आमच्याकडे पाहत राहायच्या. एकीनं ओरडून विचारलं, "कुठं चालल्या वं पोरी?" आम्ही ओरडलो, "मलाजखंड!" माझाही आवाज त्यात होता. मलाच तेवढं माहीत होतं की मी खोटं बोलते आहे.

थांबलो की मी बटर पेपर काढायची आणि लाल पेननं त्यावर काहीबाही लिहायची. इथे हातपंप, पाणी गोड. इथे काळा कुत्रा, मागे लागतो. इथे चढ आहे, नकाशात कळत नाही. इथे चिंचेखाली आजीबाई चहा देते. मॅडम म्हणायच्या, "अगं, नकाशा आहे का डायरी?" दोन्ही होतं ते.

हट्ट्याला पोहोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. देवराममामा दारातच उभा. मामा म्हणजे आवाज. तो बांधीत बोलला तर तीन बांध्यांपलीकडचे बैल कान टवकारायचे. आम्ही रांगेनं येऊन थांबलो आणि मी सायकलवरून उतरायच्या आधीच मामा वाकून माझ्या पायाशी बसला. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर, अशी मी तशीच राहिले. देशकर मॅडम घाईनं पुढे झाल्या. "नाही हो भाऊ, पंक्चर नाही झालेलं. चेन जराशी ढिली आहे, बस."

मामानं मान वर केली. "चेन नाही पाह्यत बाई. पाया पडून राह्यलो. भाची हाये माही."

मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांच्या अमरावतीकडे ही रीत त्यांनी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाची पाळण्यातली असो की म्हातारी. भाचीला उष्टं उचलू देत नाहीत, भाचीला आपल्या पाया पडू देत नाहीत, आणि भाचीनं काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. मामीनं पितळी परात आणली. तीन दिवसांची धूळ, चेनचं ग्रीस, टाचेला फुटलेला फोड, अशा माझ्या पायांवर मामानं कोमट पाणी ओतलं. परातीतलं पाणी काळं झालं. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी, खरं सांगते, महाराणी असल्यासारखंही वाटत होतं. बाकीच्या चौघी तोंडात बोट घालून पाहत होत्या. कल्पना माझ्या कानाशी कुजबुजली, "यार, मुझे भी ऐसे मामा चाहिए."

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यावरच्या तणसाच्या ढिगावर आमचे सहा जणींचे मोजे वाळत होते. चेनला तेल हवं म्हणून मामीनं डोक्याचं खोबरेल आणून दिलं आणि आम्ही ते घातलं. पुढे दोन दिवस रस्त्यावरची सगळी धूळ त्या चेननं गोळा केली, पण वास मात्र छान येत होता. सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझी सगळ्यांत शेवटी होती. दुपारपर्यंत बाबा येणार होते.

मी मामाला खळ्यावर गाठलं. "मामा, बाबांले तुम्ही सांगा न. मले घाट चढू द्या म्हणून."

मामानं पेंढी खाली ठेवली. एवढा आवाजाचा माणूस, पण एकदम हळू बोलला. "भाची, तुले नाही म्हणता येत नाही मले. जवाईबापूले काही म्हणता येत नाही. तुमी दोघंबी माह्या डोक्यावर. आता मी कोणाले उतरवू?"

"मग?"

मामानं डोक्याला गुंडाळलेला गमछा सोडला, पुन्हा बांधला, इकडेतिकडे पाहिलं. "मंग काय. चला, बावडी पाहू." आणि घरात जाऊन मोठी बॅटरी घेऊन आला. आपण संकटात सापडलो की पाहुण्यांना गाव दाखवायला न्यायचं, ही युक्ती मी पुढे संसारात पुष्कळदा वापरली आहे.

हट्ट्याची बावडी मी लहानपणी वरूनच पाहिलेली होती. भाचीला कोणी खाली उतरू देत नसे, पाय घसरला तर मामाच्या डोक्यावर पाप. वरून पाहिलं तर काही कळतच नाही. जमिनीत एक दगडी तोंड उघडलेलं, एवढंच. पायऱ्या उतरायला लागलो की मात्र घर लागतं. घरच म्हणेन मी. खांब, कमानी, मजल्याखाली मजला, आणि सगळ्यांच्या तळाशी हिरवट, न हलणारं पाणी. जुन्या राजांच्या काळी सैन्य इथे उतरायचं, आंघोळ करायचं, उन्हाळ्यात विसावा घ्यायचं, असं मामा सांगत होता. आरामाच्या दिवशी आराम करायला बांधलेल्या जागी आलो, हे मॅडमना फार आवडलं.

पण ज्यानं कधी तीन दिवस सलग सायकल चालवली आहे त्यालाच माहीत असतं की दुसऱ्या दिवशी चढणं परवडतं, उतरणं नाही. मांड्या अशा भरून आल्या होत्या की आम्ही सहा जणी खेकड्यासारख्या आडव्या होऊन, भिंत धरून, एकेक पायरी "आई गं" म्हणत उतरत होतो. खाली पाणी भरायला कोणी नव्हतं म्हणून बरं. मामा पुढे बॅटरी मारत होता आणि खांबांवरचं कोरीव काम उजेडात येऊन परत अंधारात जात होतं.

"इथून भुयार हाये," एका काळोख्या कोनाड्यावर उजेड पाडून तो म्हणाला. "सीधं लांजीच्या किल्ल्यात निघते."

"तुम्ही गेलात का भाऊ कधी?" मॅडमनी विचारलं.

"मी काहून जाऊ? मले लांजीत काय काम हाये?"

सगळ्या हसल्या, आवाज कमानीतून फिरून परत आला आणि दोन वटवाघळं उडाली. मी हसले नाही. मी पाण्याजवळच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले होते. दगडाचा गारवा सलवारीतून मांड्यांना लागत होता, आणि दुखऱ्या मांड्यांना इतकं बरं पुन्हा कधी वाटलं नसेल. तेवढ्याच जोरानं आत राग उकळत होता. हे सगळं चाललंय ते माझ्यासाठी शेवटचं आहे. उद्या या जातील. उद्या घाटात कल्पना हिंदीत शिव्या घालेल आणि मी घरी डाळ निवडत बसेन. आपल्या पायांत बळ आहे, आपल्याला येतं, आणि ज्याच्या सायकलवर बसून आपण आलो तोच माणूस आपल्याला उतरवायला येतो आहे.

रागात मी बटर पेपर काढला. काल संध्याकाळी येतानाच एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. नकाशात बावडीचं चिन्ह रस्त्याच्या उगवतीला होतं. बावडी होती मावळतीला. काल मी हसून सोडून दिलं होतं. आज लाल पेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं: "बावडी इथे नाही!" उद्गारचिन्हावर इतका जोर दिला की कागद फाटला. ते मी बाबांना उद्देशून लिहिलं होतं, हे आज कबूल करते. चूक दाखवल्याचा आनंद मला झाला होता, आणि तो चांगला आनंद नव्हता.

"सुनंदा!"

वरून हाक आली. पहिल्या पायरीवर, उजेडाच्या विरुद्ध, बाबा उभे होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आईनं दिलेली कापडी पिशवी.

ते खाली यायला लागले. एक एक पायरी, थांबत. मला वाटलं, दम लागला असेल. तसं नव्हतं. ते खांबांना हात लावून पाहत होते. बोटानं कडा चाचपत होते, कोपरा जिथे मिळतो तिथे नखानं टोकरत होते. सगळा जिल्हा कागदावर काढलेला माणूस पहिल्यांदा त्यातल्या एका ठिपक्याच्या आत आला होता. माझ्याजवळ पोहोचल्यावर त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं. "कागदावर हे एवढंसं हाये," ते म्हणाले. "एवढंसंबी नाही."

तेवढ्यात कल्पनानं घात केला. बिचारीला काही माहीत नव्हतं. "काका, तुमच्या नकाशामुळे आम्ही आलो बरं का! नाहीतर वारासिवनीतच हरवलो असतो. दाखव ना गं सुनंदा." आणि माझ्या मांडीवरचा कागद उचलून तिनं बाबांच्या हातात दिला.

बाबांनी चष्मा लावला. मामा पुढे होऊन कागदावर बॅटरी धरून उभा राहिला. बाबा पाहतच राहिले. आपल्या हातची रेघ माणूस ओळखतो, दुसऱ्यानं उतरवलेली असली तरी. वैनगंगेवर त्यांचं बोट थांबलं, जिथे मी तीनदा खोडलं होतं. मग ते माझी लाल अक्षरं वाचायला लागले. हातपंप. कुत्रा. चढ. चिंच. एकेक. ओठ हलत होते. मी मनात म्हणत होते, इथेच थांबा, पुढे वाचू नका. ते हट्ट्यापर्यंत आले.



बाबा कागद हातात धरूनच पायऱ्या चढून वर गेले. आम्ही मागोमाग, भिंत धरून. ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. सूर्याकडे पाहिलं, कागद फिरवून दिशेला लावला, बावडीकडे तोंड केलं, मग पाठ केली. परत तोंड केलं. एक बैलगाडी आली, तिला वाट दिली आणि पुन्हा तिथेच उभे राहिले.

"चुकलं माहं," ते म्हणाले.

मला रडू आलं. ज्या गोष्टीसाठी सकाळपासून दात आवळले होते ती राहिली बाजूला आणि या दोन शब्दांनी रडू आलं. "बाबा, मी रागानं लिहिलं. एवढी मोठी चूक नाही ते."

"राग असन. बावडी तर तिकडंच हाये न?" ते कागदाकडेच पाहत होते. "मी जुन्या नकाशावरून उतरवलं. त्यानं त्याच्याहून जुन्यावरून उतरवलं असन. कोणी येऊन पाह्यलंच नाही. मी तर दर साली येत होतो, देवरामभाऊच्या बाजेवर बसून जेवून जात होतो."

मामा लगेच म्हणाला, "त्यात तुमची काय गलती, जवाईबापू? आमीच उठू देलं नाही तुमाले." जावयाच्या चुकीलाही त्यानं आपला खांदा दिला.

दुपारी जेवणं झाली. नव्या तांदळाचा भात होता, त्याचा वास अंगणापर्यंत होता. मामी वाढत होती, मामा भाचीच्या आणि जावयाच्या ताटांकडे आळीपाळीनं पाहत होता. मी माझी पिशवी भरली. मोजे तणसावरून काढून आणले. चार वाजता आम्ही सगळे बस थांबायची तिथे जाऊन उभे राहिलो. बाबांचा हात सायकलच्या सीटवर होता. त्यांच्याच सायकलच्या.

बस आली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "सायकल ऊपर चढ़ानी है क्या, बाबूजी?"

बाबा सीटवरून हात काढेनात. कंडक्टरनं परत विचारलं.

"नहीं," बाबा म्हणाले. "मैं अकेला हूँ."

मग माझ्याकडे वळून, जसं ऑफिसातलं काम सांगावं तशा आवाजात ते बोलले. "बैहरचा घाटबी मी तसाच काढला हाये. कोणाच्या तरी जुन्या कागदावरून. आता ते मोड बरोबर हायेत का नाही, मले कसं कळन? तू जाऊन पाहून ये. एकबी मोड सोडू नको. जिथं चुकलं असन तिथं लाल पेननं लिहजो." बटर पेपर त्यांनी माझ्या हातात दिला. फाटलेल्या जागी त्यांनी मागून पातळ कागदाची पट्टी चिकटवली होती. भाताच्या शितानं. जेवताना कधी केलं, मला दिसलं नव्हतं.

बस धुरळा उडवत निघून गेली आणि मामाचा अडकलेला आवाज सकाळपासून पहिल्यांदा सुटला. "ए मामी! भाची घाट चढून राह्यली! शिदोरी बांध!" अर्ध्या हट्ट्याला ते कळलं असेल.

घाटाबद्दल मी मुलीला पुष्कळ फुशारक्या मारल्या आहेत, इथे खरं लिहिते. निम्मा घाट आम्ही सायकली हातात धरून चढलो. खोबरेलाच्या चेननं मध्येच असहकार पुकारला. ट्रक आले की आम्ही कडेला झाडीत सरकून उभ्या राहायचो. एका ट्रकवाल्यानं थांबून पाण्याचा डबा दिला. आणि प्रत्येक मोडावर मी थांबायची, कागद काढायची, मोड बघायची, खूण करायची. कल्पना म्हणाली, "यार, तू चढ़ रही है कि इन्स्पेक्शन कर रही है?" मी म्हटलं, इन्स्पेक्शन. मलाजखंडला पोहोचलो तेव्हा खाणीच्या काठावर उभं राहून खाली पाहिलं. डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी खोल कापलेला, हट्ट्याच्या बावडीसारखाच, फक्त तळाशी यंत्रं. माझ्या हातात कागद होता आणि त्यावर घाटात एकही लाल अक्षर नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "किती चुकले?"

"एकबी नाही, बाबा. सगळे मोड बरोबर हायेत."

"एकबी नाही?"

"नाही."

ते म्हणाले, "बरं," आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आले नाहीत. आई सांगते, देवापुढे उभे होते. मला ते पटत नाही, बाबा देवाचे फारसे नव्हते. पण उभे होते एवढं खरं.

पुढच्या रविवारी त्यांनी घरच्या टेबलावर ट्रेसिंगचं नवं कापड ताणलं आणि आमच्या वाटेचा नकाशा काळ्या शाईत नव्यानं काढला. बावडी मावळतीला. हातपंप, चिंच, आजीबाईचा चहा. काळा कुत्रासुद्धा, इवलासा. तोच नकाशा त्या पुठ्ठ्याच्या नळीत आहे. परवा मुलीनं हट्टानं तो उघडायला लावला, जमिनीवर पसरला आणि उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

सरकारी नकाशाच्या कोपऱ्यात अशी चौकट असते. वर 'अनुरेखक', म्हणजे ज्यानं काढला तो. त्यापुढे बाबांचं नाव. खाली 'जाँचकर्ता', म्हणजे ज्यानं तपासला तो. तिथे साहेबाची सही असते. बाबांनी तिथे, त्यांच्या सर्वांत सुरेख अक्षरात, माझं नाव लिहिलं आहे.

बाबांचं काम तपासणारे साहेब त्यांच्या नोकरीत पुष्कळ होऊन गेले. त्यांच्यातली जागेवर जाऊन पाहून आलेली मी एकटी.